घरात बी कधी पेरायचं? न्यू जर्सीतल्या भाजीपाल्याचा रोपाच्या वयावरून हिशोब

प्रश्न विचारणाऱ्या ताई दोन वर्षांपूर्वी एडिसनला राहायला आल्या. गेल्या वर्षी त्यांनी संक्रांतीचा मुहूर्त साधून टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, दुधी असं सगळं बी एकाच दिवशी स्वयंपाकघराच्या खिडकीत पेरलं. टोमॅटो तारेसारखे उंच झाले आणि आडवे पडले. मिरची तीन आठवडे उगवलीच नाही. दुधीचा वेल फेब्रुवारीतच पडद्यावर चढला. जी रोपं जगली ती एप्रिलच्या शेवटी एका उबदार रविवारी अंगणात लावली, तर चार दिवसांत काळी पडली. यंदाही संक्रांतीला थोडी मिरची आणि टोमॅटो पेरून झालेत, आता फेब्रुवारी लागलाय, आणि त्या विचारतात: कोणत्या तारखेला काय पेरायचं ते एकदा नीट सांगा.

ताई, तारखा देते. पण नुसत्या तारखा पाठ करून काम भागत नाही, कारण तुमचं घर वेगळं, अंगण वेगळं आणि दर वर्षीचा एप्रिल वेगळा. तारीख कशी काढायची ते कळलं की पुढच्या वर्षी कुणाला विचारायची गरज उरत नाही.

माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं, नारायणगावच्या टोमॅटोच्या पट्ट्यातलं. तिथे रोपवाटिकेत गेलेला शेतकरी भाव विचारायच्या आधी विचारतो, "रोप किती दिवसांचं आहे?" पंचवीस-तीस दिवसांचं, बुटकं, जाड देठाचं रोप असलं की तो ट्रे उचलतो. वय उलटलेलं, ट्रेतच कळी धरलेलं रोप हातभर उंच असलं तरी त्याला नको असतं. वडील म्हणायचे, वय झालेलं रोप रानात गेलं तरी आधी आठ-दहा दिवस रुसून बसतं. त्यामागचं कारण सरळ आहे. छोट्या कप्प्यात मुळं गोल गोल फिरतात, देठ निबर होतो, आणि जागा संपली असं वाटून झाड घाईने फुलावर येतं. मग मोकळ्या मातीत लावलं तरी त्याचं लक्ष वाढीकडे परत वळायला वेळ लागतो.

अमेरिकेत आल्यावर मात्र आपण हे विसरतो. बाहेर बर्फ असतो, हात शिवशिवत असतात, आणि वाटतं की आपला उन्हाळा इथे इतका तोकडा, तर जितकं लवकर पेरू तितकं आधी फळ मिळेल. गेली बावीस वर्षं मी इथे बाग करते आणि दर वसंतात ओळखीच्या मराठी घरांसाठी तीन-चारशे रोपं तळघरात तयार करते. या काळात उशीर केल्यामुळे वाया गेलेली रोपं मी फार थोडी पाहिली. घाईमुळे वाया गेलेली दर वर्षी बघते. एका वर्षी मुद्दाम एकाच पाकिटातलं टोमॅटोचं बी दोनदा पेरलं, अर्धं १५ फेब्रुवारीला आणि अर्धं १ एप्रिलला. मेच्या मध्यात दोन्ही शेजारी शेजारी लावली. लावताना मोठी रोपं दीड फुटाची होती आणि लहान जेमतेम वीतभर. जूनच्या शेवटी कुठली ओळ कुठली ते पाटी बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं, आणि पहिलं लाल टोमॅटो दोन्हीकडे एकाच आठवड्यात मिळालं. त्या दीड महिन्याचं वीजबिल, जागा आणि रोज पाणी घालण्याचे कष्ट वाया गेले.

म्हणून हिशोब उलटा करायचा. रोप बाहेर कधी लावता येईल ते आधी ठरवायचं, तिथून रोपाचं योग्य वय मागे मोजायचं, आणि त्यात उगवायला लागणारे दिवस मिळवायचे.

बाहेर लावायचा दिवस ठरतो तो फ्रॉस्टवरून. थंड रात्री हवेतली वाफ पानांवर गोठून पांढरा थर बसतो तो फ्रॉस्ट, आणि टोमॅटो-वांग्याच्या पानांना तो एक रात्रही सोसत नाही. आपल्या मध्य न्यू जर्सीत तो साधारण एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत पडतो, काही वर्षी मेमध्येही. इथे एक घोटाळा फार जण करतात. बियांच्या पाकिटावर किंवा रोपांच्या दुकानात जो 'झोन' लिहिलेला असतो तो हिवाळ्यातल्या सर्वांत कडक थंडीवरून काढलेला आहे. गुलाब किंवा अंजिराचं झाड हिवाळा काढेल का, याचं उत्तर तो देतो. बी कधी पेरायचं ते तो सांगत नाही. सिअ‍ॅटल आणि टेक्सासमधलं ऑस्टिन यांचा झोन जवळजवळ एकच आहे, पण ऑस्टिनमध्ये मार्चअखेर मिरची जमिनीत जाते आणि सिअ‍ॅटलवाले जूनपर्यंत रात्री गरम व्हायची वाट बघत बसतात. तेव्हा झोन सोडा आणि आपल्या गावची शेवटच्या फ्रॉस्टची तारीख शोधा. तीही 'सरासरी' असेल तर जपून वापरा. सरासरी तारीख म्हणजे साधारण निम्म्या वर्षी त्यानंतरही फ्रॉस्ट पडतो. मी दहातल्या नऊ वर्षी सुरक्षित असलेली तारीख धरते, आणि आपल्या भागासाठी ती मेचा दुसरा आठवडा अशी येते. इथले जुने बागवाले मदर्स डेच्या, म्हणजे मेच्या दुसऱ्या रविवारच्या, आधी टोमॅटो लावत नाहीत, ते याच अनुभवातून.

सणांवर मात्र हिशोब बांधू नका, ही कळकळीची विनंती. गुढीपाडवा २०२४ साली ९ एप्रिलला होता, २०२५ साली ३० मार्चला, २०२६ साली १९ मार्चला. बियांना सूर्य कळतो, तिथी कळत नाही.

आता कोणतं बी घरात पेरायचं आणि कोणतं नाही. याचं उत्तर आपल्या शेतात आधीच आहे. गावाकडे वांगी, टोमॅटो, मिरची, कोबी, फ्लॉवर आणि कांदा यांचं आधी गादीवाफ्यावर रोप करतात आणि मग लावतात. भेंडी, गवार, वाल, मका आणि वेलवर्गीय भाज्या थेट जागेवर टोकतात. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा आणि गाजर वाफ्यात फोकून किंवा ओळीत पेरतात. ही वाटणी झाडाच्या स्वभावावरून झालेली आहे. पहिल्या गटाची मुळं तुटली तरी पुन्हा फुटतात, दुसऱ्या गटाच्या मुळांना हात लागलेला चालत नाही, आणि तिसऱ्या गटाला थंडीच आवडते. इथेही हीच वाटणी चालते. पहिला गट घरात करायचा. तिसऱ्याचं बी घरात पेरायचंच नाही. दुसऱ्यातल्या वेलांना तेवढी मोकळीक द्यायची, कारण आपला उन्हाळा लांबीला कमी आहे: ते घरात पेरायचे, पण फक्त तीन आठवडे आधी, आणि स्वतंत्र मोठ्या कपात, म्हणजे लावताना मातीचा गड्डा न फोडता उचलता येतो.

तुमची मिरची तीन आठवडे का उगवली नाही ते सांगते, कारण हीच अडचण सगळ्यांना येते. बी खराब नव्हतं, त्याला थंडी लागत होती. जानेवारीत खिडकीच्या कठड्यावर रात्री हात ठेवून बघा. घरात ६८ फॅरनहाइट असलं तरी काचेजवळच्या मातीत ५८-६० असतं, म्हणजे सुमारे १५ सेल्सिअस. त्या तापमानाला मिरची उगवायला पंचवीसेक दिवस घेते, आणि तेवढ्या दिवसांत ओल्या मातीत बरंचसं बी कुजून जातं. तीच माती ८० फॅरनहाइटच्या आसपास ठेवली तर आठ-नऊ दिवसांत उगवते. वांग्याचंही तसंच. टोमॅटो जरा सोशिक आहे, ७० अंशांनाही आठवड्याभरात डोकं वर काढतो. भेंडीला ६० अंशांना जवळजवळ चार आठवडे लागतात आणि ८५ ला एक.

म्हणून ट्रेखाली ठेवायची एक विजेवर चालणारी हीट मॅट घ्या, जमल्यास थर्मोस्टॅटसकट, आणि त्याचा काटा ८० वर ठेवा. ती घ्यायची नसेल तर मी आधी बरीच वर्षं जे केलं ते करा: मटकीला मोड आणतो तसे बियांना आणा. पेपर टॉवेल ओला करून घट्ट पिळायचा, त्यावर बी सुटं सुटं पसरायचं, घडी घालून झिपच्या पिशवीत ठेवायची, आणि पिशवी घरातल्या उबदार कोपऱ्यात, वायफायच्या राउटरवर किंवा बॉयलरजवळच्या फळीवर. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रोज उघडून बघा. मिरचीच्या चपट्या पिवळ्या बीच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो, दुसऱ्या दिवशी त्याची तिळाएवढी शेपटी होते. त्याच दिवशी ते बी मातीत जायला हवं. शेपटी अर्धा इंच वाढू दिली की ती कागदात गुंतते आणि काढताना मोडते. चिमट्याने शेपटीला धरू नका, बीच्या कडेला धरा, पाव इंच खोल ठेवा आणि वरून माती भुरभुरवा. दोन-तीन दिवसांनी मातीतून पांढरट कमान वर येते आणि हळूहळू सरळ होत बीचं टरफल टाकून देते. कधी टरफल पानांच्या टोकाला टोपीसारखं अडकून बसतं. ते ओढून काढू नका. पाण्याचा एक थेंब लावून तासभर थांबा, मग बोटाने अलगद सुटतं.

कारल्याच्या बीचं कवच जाड असतं. नेलकटरने टोकाला अगदी जराशी चीर द्या, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, मग पेरा. दुधी, दोडका आणि भेंडी नुसती भिजवली तरी पुरते.

बी उगवलं की उबेचं काम संपलं, तिथून उजेडाचं सुरू होतं. आणि इथेच तुमचे टोमॅटो तारेसारखे झाले. जानेवारीत इथे दिवस साडेनऊ-दहा तासांचा, सूर्य खाली, वर काच. आपल्या डोळ्यांना ती खिडकी लख्ख वाटते, रोपाला ती संध्याकाळच वाटते. उजेड शोधत ते वर वर जातं आणि देठात ताकद भरायला काही उरत नाही. महागडे जांभळे दिवे लागत नाहीत. गॅरेजमध्ये लावतात तो चार फुटी पांढरा एलईडी दिवा पुरतो, पण तो रोपांच्या डोक्यावर दोन-तीन इंचांवर हवा. साखळीने टांगा आणि रोपं वाढतील तसा वर घ्या. टायमर लावून रोज १४ ते १६ तास दिवा चालू ठेवा, रात्री बंद. दिवा फुटभर वर टांगलेला मी अनेक घरांत बघते, आणि मग रोपं लांबली म्हणून खत घालतात. खताने ती आणखी लांबतात. पहिली खरी पानं, म्हणजे बीतून आधी निघणाऱ्या दोन दलांनंतरची पानं, दिसेपर्यंत खत अजिबात नको. नंतर पाकिटावर लिहिल्याच्या पाव प्रमाणात, आठवड्यातून एकदा.

उगवल्याबरोबर मॅट काढून घ्या. रोपाला दिवसा ६५-७० आणि रात्री ६० अंश भरपूर झाले. मिरची-वांग्याला थोडं जास्त चालतं. उजेड कमी आणि ऊब जास्त असली की रोप लांबतं, हे डोक्यात पक्कं ठेवा.

माती अंगणातली आणू नका. बियांसाठीचं पीट किंवा कोकोपीटचं हलकं मिश्रण घ्या. अंगणातल्या मातीत बुरशी असते आणि उगवलेली रोपं जमिनीलगत देठ बारीक होऊन एका रात्रीत झोपतात. आपल्याकडे याला रोपं कोलमडणं म्हणतात. एकदा आडवं झालेलं रोप वाचत नाही, आणि ट्रेतलं शेजारचंही जातं. तुमची रोपं पडली ती लांबल्यामुळे की कोलमडल्यामुळे ते देठ बघून कळलं असतं: मातीलगत देठ पाणचट, चिमटल्यासारखा असेल तर बुरशी. ती टाळायची तर ट्रेमध्ये खालून पाणी द्या, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका, वरची माती पुढच्या पाण्याआधी किंचित सुकू द्या आणि एक छोटा पंखा लांबून लावा. पंख्याच्या वाऱ्याने रोपं हलत राहतात, देठही जाड होतात.

आता तारखा. या एडिसनसाठी, म्हणजे मध्य न्यू जर्सीसाठी आहेत.

फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात फक्त कांदा, तोही करायचाच असेल तर. भूत जोलोकियासारख्या अति तिखट मिरच्या फेब्रुवारीच्या मध्यात, कारण त्या उगवायलाच तीन आठवडे घेऊ शकतात आणि वाढायलाही सावकाश. मार्च लागला की कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली. ही पाच-सहा आठवड्यांची झाली की एप्रिलच्या मध्यात बाहेर जातात आणि हलका फ्रॉस्ट सोसतात. ज्वाला किंवा आपली नेहमीची हिरवी मिरची, ढोबळी मिरची ५ ते १५ मार्चच्या दरम्यान. वांगी २० मार्चच्या पुढे. टोमॅटो २७ मार्च ते ३ एप्रिल, त्याआधी अजिबात नाही, कितीही मोह झाला तरी. मग जवळजवळ महिनाभर घरात नवीन काही पेरायचं नाही. कारली एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. दुधी, दोडका, पडवळ, काकडी मेच्या पहिल्या आठवड्यात. भेंडी कपात लावायची तर १० मेच्या सुमारास, पण माझा कल ती १ जूनला थेट टोकण्याकडे आहे. तोवर माती ६५-७० अंशांच्या वर जाते आणि टोकलेली भेंडी कपातल्या भेंडीला गाठते. गवार जूनच्या पहिल्या आठवड्यात जागेवर, कपात नको.

तोवर बाहेरची जमीन रिकामी ठेवायची नाही. मार्चच्या शेवटी जमीन मोकळी झाली की मटार, पालक, मुळा, मेथी आणि धणे थेट बाहेर पेरा. धणे हाताने रगडून दोन फाका करून घ्या. इथे कोथिंबीर उन्हाळ्यात लगेच फुलावर जाते, म्हणून एप्रिल आणि मग ऑगस्टअखेर हेच तिचे दिवस. थंडीत हात शिवशिवत असतील त्यांनी मेथी पेरावी, टोमॅटोला त्रास देऊ नये.

रोपाला खरी दोन पानं आली की छोट्या कप्प्यातून चार इंची कुंडीत हलवा, पानाला धरून, देठाला नाही. पान मोडलं तर नवीन येतं, देठ मोडला की रोप संपलं. टोमॅटो खोल लावा, पहिल्या दोन पानांपर्यंत पुरला तरी चालतो, कारण त्याच्या देठालाच मुळं फुटतात. मिरची आणि वांगी होती त्याच खोलीवर ठेवा.

आणि बाहेर काढायच्या आधी रोपं काटक करून घ्या. तुमचं गेल्या वर्षीचं नुकसान इथेच झालं असं मला वाटतं. घरातल्या रोपाने ऊन, वारा आणि थंड रात्र यातलं काहीच पाहिलेलं नसतं. सात-दहा दिवस धरा. पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग रोज थोडा वेळ वाढवत, चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन, शेवटी दोन रात्री बाहेर. पाणी थोडं कमी करा, पण माना टाकू देऊ नका. पहिल्याच दिवशी दुपारच्या उन्हात ठेवली तर पानांवर पांढरे चट्टे पडतात; ती पानं सुधारत नाहीत.

लावायचा दिवस दिवसाच्या उन्हावरून ठरवू नका, रात्रीवर ठरवा. टोमॅटोसाठी पुढच्या दहा दिवसांच्या रात्री ५० अंशांच्या वर हव्यात, मिरची-वांग्यासाठी ५५ च्या वर. फ्रॉस्ट नसला तरी ४५ अंशांच्या रात्री वांगं जागच्या जागी थिजतं, पानं पिवळट होतात आणि पुढचे तीन आठवडे ते काही करत नाही. सात-आठ डॉलरचा मातीत खुपसायचा तापमापक घ्या आणि सकाळी आठ वाजता चार इंच खोल बघा. ६० च्या खाली असेल तर थांबा.

२०२० सालचा मे मला विसरता येत नाही. लॉकडाउन होता, सगळे घरात, आणि मेच्या पहिल्या रविवारी इतकं छान ऊन पडलं की मी अठरा वांगी आणि दोन ओळी टोमॅटो लावून टाकले. त्याच आठवड्यात उत्तरेकडून कडक थंड हवा खाली उतरली. ९ मेला, मदर्स डेच्या आदल्या दिवशी, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये हिमकण पडल्याची नोंद झाली. आदल्या रात्री आम्ही दोघं टॉर्च घेऊन अंगणात चादरी, जुन्या साड्या आणि बादल्या घेऊन रोपं झाकत होतो. साडी जिथे पानाला टेकली होती तिथलं पान सकाळी काळं पडलेलं होतं, जिथे काठ्यांवर उचलून धरली होती तिथलं हिरवं. टोमॅटो बरेचसे वाचले. वांगी अठरापैकी अकरा गेली, आणि जी सात उरली त्यांना मी २५ मेला लावलेल्या राखीव रोपांनी जुलैत मागे टाकलं. तेव्हापासून वांगी मेमोरियल डेच्या (मेचा शेवटचा सोमवार) आठवड्यातच लावते आणि प्रत्येक जातीची चार रोपं राखीव ठेवते. हवामानाच्या अंदाजात ३६-३७ अंश दिसले तरी झाका. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर पान हवेपेक्षा जास्त गार होतं आणि फ्रॉस्ट बसतो.

एक गोष्ट तारीख पाळूनही हुकते, ती आधीच सांगून ठेवते. काही झाडं ऊब बघत नाहीत, दिवसाची लांबी बघतात. आपल्याकडचा पावटा-वाल इथे मेमध्ये लावा नाहीतर जूनमध्ये, वेल छपरावर जातो पण फूल येतं ते दिवस लहान व्हायला लागल्यावर, सप्टेंबरात. ऑक्टोबरच्या मध्याला पहिला फ्रॉस्ट येतो आणि शेंगा भरायच्या आत वेल जातो. अंबाडीच्या बोंडांचंही हेच. वालाच्या अर्का जयसारख्या जाती दिवसाच्या लांबीला बांधलेल्या नाहीत, त्या शोधा. कांद्याचं उलट. एन-५३, बसवंत ७८० या जाती नाशिकच्या लहान दिवसांसाठी आहेत. इथे मेमध्येच दिवस त्यांच्या मानाने मोठा होतो आणि पात वाढायच्या आत सुपारीएवढा कांदा धरून बसतात. इथे 'लाँग डे' लिहिलेल्या, म्हणजे मोठ्या दिवसांत कांदा धरणाऱ्या, जातीच घ्या.

बी भारतातून आणायचं असेल तर सुटकेसमध्ये लपवून आणू नका. अमेरिकेच्या कृषी खात्याची थोड्या बियांसाठीची परवानगी आधी अर्ज करून मिळते. नाही तर आता दुधी, कारलं, गवार, मेथी सगळ्याचं बी इथले विक्रेतेही विकतात. तोंडलीला बी नकोच, फळ धरणाऱ्या मादी वेलाची काडी कुणाकडून तरी घ्या आणि हिवाळ्यात कुंडीत घरात ठेवा. अळूचे कंद मार्चअखेर कुंडीत घालून उबेला ठेवलेत तर मेअखेर पानांसकट लावता येतील.

तुमच्या बहिणीला टोरंटोत हेच करायचंय असं तुम्ही लिहिलंय. तिथे लोक व्हिक्टोरिया डे, म्हणजे २५ मेच्या आधीचा सोमवार, धरून चालतात. तिला माझ्या सगळ्या तारखा दहा दिवस पुढे ढकलायला सांगा. डॅलसकडच्या मैत्रिणींनी त्याच तारखा सात-आठ आठवडे मागे ओढाव्यात.

आता तुमची यंदाची संक्रांतीची रोपं. टोमॅटो लांबले असतील तर सोडून द्या आणि त्याच ट्रेमध्ये मार्चअखेर नवीन पेरा; तीन महिने ते सांभाळत बसण्यात अर्थ नाही. मिरची मात्र ठेवा. ती मुळात बहुवर्षायू आहे, लवकर पेरलेलीही सांभाळून घेते. आजच दिवा दोन इंचांवर आणा, दोन खरी पानं झाली की चार इंची कुंडीत घाला, मार्चमध्ये सहा इंची. तोवर कळ्या आल्या तर खुडत जा, आणि पानांच्या खालच्या बाजूला दर रविवारी मावा आहे का ते बघा. हिवाळ्यात घरातल्या मिरचीवर तो हमखास येतो. दिसला तर रोप उलटं धरून बेसिनच्या नळाखाली पानं धुऊन काढा, मुळाशी असलेली माती सांडू नये म्हणून कुंडीच्या तोंडाशी हात धरा.